देता न येणारं वाण

"तिच्या डोळ्यांवरचा गॉगल काढ आधी! काढ म्हणते ना! मग शिकव मला कायदा!"

बाई ओरडल्या आणि माझ्या हातातली कढीची वाटी टेबलावर आडवी झाली. समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या. चौथी उघडीच होती, ती भीतीने बंद झाली. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या फ्राऊंचा डाकेल कुत्रा एरवी पोस्टमनपासून ढगांपर्यंत सगळ्यांवर भुंकायचा, तो म्हणे त्यानंतर दोन दिवस नुसता विचार करत बसला होता. त्यात रविवारची दुपार. जर्मनीत रविवारी दुपारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी तोंड पाडतात. बाईंनी तर अख्खी भिंतच ठोकली होती.

गॉगल जिच्या डोळ्यांवर होता ती खोलीत नव्हती. या जगातच नव्हती. ती होती भिंतीवरच्या टीव्हीत, एका पेन्सिलीच्या चित्रात, ट्रामच्या थांब्यावर उभी. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, आणि डोळ्यांवर कुणीतरी संगणकावर चढवलेला सोनेरी काड्यांचा काळाभोर गॉगल. आणि ओरडणाऱ्या बाई म्हणजे डार्मश्टाटातल्या आमच्या घरमालकीण. मी त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत राहून पीएचडी करत होते. माझी पीएचडी जितकी लांबली तितक्या काळात बाईंचा आवाज कुजबुजीच्या वर गेलेला मी ऐकला नव्हता.

उलट त्यांच्या हळू बोलण्याच्याच दंतकथा होत्या. बाई फ्रांकफुर्टात वकिली करायच्या. जमीनजुमल्याची नव्हे. चित्रं, गाणी, नक्षी, नावं, असल्या मुठीत न मावणाऱ्या मालमत्तेची. कोर्टात उभ्या राहिल्या की इतकं हळू बोलायच्या की न्यायाधीश पुढे झुकायचे, मागच्या बाकांवरचे लोक पुढे सरकायचे आणि सगळं कोर्ट बाईंभोवती शेकोटीला बसल्यासारखं गोळा व्हायचं. एकदा विरुद्ध बाजूचा वकील ऐकण्याच्या नादात एवढा झुकला की टेबलावर पालथा पडला आणि तिथूनच त्याने तडजोड मान्य केली. हे मला त्यांच्या कचेरीतल्या मुलीने सांगितलं, आणि ती जर्मन होती, म्हणजे निम्मं तरी खरं असणार.

"हळू बोललं की माणूस आपणहून जवळ येतो," बाई म्हणायच्या. "ओरडलं की तो आधी स्वतःचा बचाव करतो, मग ऐकतो. तोवर वेळ गेलेली असते."

खोली बघायला गेले तेव्हा मी पुण्याहून आणलेला बाकरवडीचा पुडा त्यांच्या हातात ठेवला. बाईंनी तो उजेडात धरला.

"काय दिलंस?"

"बाकरवडी."

"ते दिसतंय. मी खायची? की मी दुसऱ्याला दिली तरी चालेल?"

"अहो बाई, तुमचीच आता ती."

"तुमचीच म्हणजे? कुठला हक्क?"

त्या दाराशी उभ्या, मी जिन्यात उभी, आणि पुड्यावर आमची वाटाघाट सुरू. शेवटी मी लेखी देते म्हणाले तेव्हा त्या हसल्या, पुडा फोडला, अर्धी बाकरवडी माझ्याच ओंजळीत घातली आणि म्हणाल्या, "ही आता मी देतेय. माझ्या हक्कात. ये, खोली वर आहे."

"कुठला हक्क?" हे बाईंचं ध्रुवपद होतं. त्यांच्याकडच्या जवसाच्या चटणीच्या बरण्यासुद्धा दोन जातींच्या. एक 'सगळ्यांसाठी', म्हणजे तुम्ही खा, मित्रांना खिलवा, माझी हरकत नाही. दुसरी 'एकटीसाठी', जास्त लसणाची. माझ्या लॅबमधला एक जर्मन पोरगा एकदा माझ्या खोलीवर आला आणि मी पाणी आणायला वळले तेवढ्यात त्याने 'एकटीसाठी'त चमचा घातला. तो जिना उतरताना बाईंनी दार उघडलं, नुसता वास घेतला आणि त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. तो काही मला सांगेना. पण त्या दिवसापासून तो कॅन्टीनमध्ये कुणाच्याही ताटातला बटाटा उचलायच्या आधी स्वच्छ मराठीत विचारतो, "कुठला हक्क?"

जेवायला बसलं की बाई आधी श्रेय सांगायच्या. घास नंतर. "आमटी: रचना माझ्या मावशीची. थालीपीठ: मूळ कल्पना शेजारच्या काकूंची, कांदा जास्त घालण्याचा बदल माझा." मी एकदा चिडवलं, "बाई, पाककृतीला कॉपीराइट असतो का हो?"

"नसतो," बाई म्हणाल्या. "पण माणसाला लाज असते."

हे त्यांच्यात आलं कुठून, देव जाणे. आणि देवाचंही बाईंकडे काम नव्हतं. परभणीकडच्या, घर बौद्ध, वडील शाळामास्तर. वडिलांनी लहानपणी एकच शिकवलं म्हणायच्या, की आपल्या माणसाला जे कुणी देत नाही ते लिहिलेल्या कायद्यात शोध, तिथे ते असतं किंवा ते तिथे असावं म्हणून भांड. बुद्धपौर्णिमेला त्या मोठं पातेलं भरून खीर करायच्या आणि अख्ख्या इमारतीला वाटायच्या. तेवढ्या एका दिवशी हक्काचा प्रश्न नसायचा. "ही कुणीही खा, कुणालाही द्या," म्हणायच्या, आणि तसं म्हणताना त्यांचा चेहरा इतका मोकळा व्हायचा की मला वाटायचं, बाकी वर्षभर ही बाई या एका दिवसाची तयारी करते.

एकच किस्सा सांगून मूळ गोष्टीकडे येते. एका हिवाळ्यात समोरच्या घरातल्या मराठी जोडप्याच्या चिमुरडीने आमच्या अंगणात बर्फाचा माणूस केला. तिरका, एका डोळ्याचा, गाजराऐवजी भेंडी लावलेला. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर फावडं घेऊन आला, रस्त्यातून हलवायचा म्हणून. बाई गाऊनवर ओव्हरकोट चढवून खाली उतरल्या आणि त्या मुलीसमोर उकिडव्या बसून विचारू लागल्या, "तू केलास ना हा? हलवला तर चालेल का?"

मुलगी मराठी समजायची, पण उत्तर जर्मनमध्येच. "नाइन."

"ऐकलंत," बाई हाउसमाइस्टरला म्हणाल्या. संपलं. तो बर्फाचा माणूस वसंत ऋतूने कायदेशीर मार्गाने हलवेपर्यंत तिथेच उभा होता, आणि सहा फुटी हाउसमाइस्टर रोज त्याला वळसा घालून जाताना, मी शपथेवर सांगते, टोपीला हात लावायचा.

तर आता गॉगल.

बाईंच्या खालच्या मजल्यावर वैशाली आणि तिचा नवरा राहायचे. नवरा एश्बॉर्नच्या एका काचेच्या इमारतीत आयटी सल्लागार. सकाळी गाडी पकडून जायचा, संध्याकाळी सल्ले संपवून यायचा. मनाने लोणी, पण कुठलीही नवी गोष्ट दिसली की तो तिच्यात उडी मारायचा आणि पोहायला येतं का हे नंतर बघायचा. त्याला नाव आहे, पण मी त्याला जावईबापूच म्हणते, कारण त्या उन्हाळ्यात त्याचे सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले आणि अख्ख्या इमारतीत त्याचं तेच नाव पडलं. तळमजल्याच्या फ्राऊसुद्धा "हेर जावईबापू" म्हणायच्या.

सासरे म्हणजे अण्णा. कऱ्हाडकडच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. लेकीकडे यायचं म्हणून नवरा-बायकोने पासपोर्ट एकदमच काढले होते. तिच्या पासपोर्टावर शिक्का बसायच्या आत ती गेली. अण्णा एकटे आले. रोज सकाळी अंगणातल्या बाकावर नाहीतर ट्रामच्या थांब्यावर बसून पेन्सिलने काढायचे: बेकरीपुढची रांग, रिकाम्या बाटल्या गिळणारं सुपरमार्केटातलं यंत्र, डाकेल, पाऊस येऊन गेलेला बाजारचौक. आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात, नखाएवढी, डोक्यावर पदर आणि हातात कापडी पिशवी घेतलेली एक बाई. रांगेत उभी, ट्रामची वाट बघत, बाटल्यांच्या यंत्राकडे हनुवटीला बोट लावून पाहत. तिने जर्मनी पाहिली नाही असं कोण म्हणेल!

मग अधिक महिना आला. जावयाला अधिकाचं वाण द्यायचं, आणि त्यात तेहतीस अनारसे तर हवेतच. इथल्या दुकानात अनारशाचं पीठ मिळेना. मिळालं असतं तरी तळणारे हात राहिले नव्हते. अण्णांनी एका रविवारी जावईबापूला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि रुमालाने झाकलेलं ताट पुढे सरकवलं. रुमालाखाली तेहतीस चित्रं.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "अनारशाला जाळी पडावी लागते. माझ्या रेघांची जाळी गोड मानून घ्या."

वैशालीने स्वयंपाकघरात जाऊन नाक पुसलं. मीही डोळे पुसत होते. माझ्या शेजारी बाई होत्या. त्यांना अधिक महिन्याचं काही नव्हतं. "मला बाराच पुरतात," म्हणायच्या, पण शेजारधर्माने आल्या होत्या. त्या माझ्याकडे झुकून कुजबुजल्या, "काय दिलं त्यांनी?"

"चित्रं."

"कागद," बाई म्हणाल्या, आणि पुरणाच्या धोंड्यावर तूप घेतलं.

मला वाटलं, ही बाई दगड आहे.

तेव्हा जगभरचा डिजिटल टोकनांचा ताप उतरणीला लागला होता. पण जावईबापूला तो उशिरा चढला, आणि मोठेपणी गोवर यावा तसा जोरात. ही टोकनं म्हणजे काय, ते मला कळलं तेवढं सांगते. चित्र इंटरनेटवर कुठेतरी ठेवायचं. मग त्या चित्राकडे बोट दाखवणारी एक नोंद जगभरच्या संगणकांत अशी कोरायची की ती ब्रह्मदेवालाही खोडता येऊ नये. ती नोंद विकायची. घेणाऱ्याला वाटतं, चित्र मिळालं. मिळतं ते बोट.

जावईबापूने तेहतीसही चित्रं स्कॅन केली आणि त्यांची मालिका काढली. अशा मालिकेत म्हणे दुर्मीळ प्रकार लागतात, म्हणजे जमवणारे त्यांवर तुटून पडतात. सगळ्या चित्रांत सारखी अशी एकच आकृती होती, कोपऱ्यातली. मग प्रोग्रामने तिला सजवलं. कुठे गॉगल, कुठे मुकुट, कुठे सिगार. नखाएवढी बाई. जावईबापूने ती कोण, हे कधी निरखून पाहिलंच नव्हतं. 'निर्माता' या शब्दापुढे त्याच्या खात्याचं नाव आपोआप आलं, आणि आलेलं नाव त्याने राहू दिलं. एश्बॉर्नमधल्या सहकाऱ्यांनी काही टोकनं घेतलीही. त्याला खरोखर वाटत होतं की आपण सासऱ्यांना जगप्रसिद्ध करतोय.

एका सकाळी बाकावर त्याने अण्णांना ते फोनवर दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "छान," म्हणाले. "छान आहे."

आणि पेन्सिल खिशात ठेवली.

त्यानंतर अण्णा रोज बाकावर येऊन बसायचे, पण हात गुडघ्यांवर. डाकेल समोर येऊन आपली चांगली बाजू दाखवायचा, तरी नाही. बाईंनी विचारलं, "अण्णा, आज काय काढताय?"

"डोळे दुखतात हो जरा."

बाई जिना चढताना मला म्हणाल्या, "त्यांच्या खिशातल्या पेन्सिलीला परवाचं टोक तसंच आहे. ड्रॉइंग मास्तर डोळे दुखले म्हणून थांबत नाही. काहीतरी मोडलंय." दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. चटणीच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा उलट लागल्या. आमच्या घरात हा भूकंपच.

मग रविवारी वैशालीकडे अण्णांच्या निरोपाचं जेवण. मसालेभात, कढी, जिलबी. स्वयंपाकघरात चार्जिंगची एकच पट्टी, तिच्यावर ही झुंबड: जावईबापूचा लॅपटॉप, वैशालीचा फोन, माझा फोन, अण्णांच्या कानाचं मशीन, कुणाचा तरी दाढीचा रेझर. अण्णा सोफ्यावर नव्या शर्टात. जो बोलेल त्याच्याकडे बघून हसत होते. जावईबापू टाळी वाजवून म्हणाला, "अण्णा, सरप्राइज!" आणि टीव्ही लावला.

आली मालिका. बेकरीची रांग, आली. बाजारचौक, आला. अण्णा ताटातल्या जिलबीकडे बघत होते. मग ट्रामचा थांबा.

वैशाली हातात डाव घेऊन दारात उभी राहिली. "अरे," ती म्हणाली, "ही आई आहे."

"कोण आई?"

"माझी आई. तिची पिशवी बघ ना!"

जावईबापूचा चेहरा आधी पांढरा झाला. पण आपल्या माणसाचं एक असतं, चूक कळली की तो आणखी जोरात समजावतो. "अगं पण, आल्झो, म्हणजे, हा गॉगलच तर सगळ्यात आवडलाय लोकांना..."

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं. अजून कुजबुजच.

"मी, बाई. म्हणजे चित्रं अण्णांची, प्रोजेक्ट माझं."

"निर्माता म्हणून तुझं नाव आहे."

"अकाउंट माझं आहे ना. आणि चित्रंही माझीच. अण्णांनी वाण दिलंय, सगळ्यांसमोर. तुम्हीपण होतात. कायद्याने भेट म्हणजे भेट. गेनाऊ? बरोबर ना?"

बाईंनी एकदा अण्णांकडे पाहिलं. अण्णा हसत होते. टीव्हीकडे पाठ फिरवून, जिलबीकडे बघत, हसत होते. बाईंनी श्वास घेतला, आणि मग ते झालं जे मी सुरुवातीला सांगितलं.

"अहो बाई, पण मला दिलंय—"

"काय दिलं? कागद दिले! ते तुझे! फ्रेम कर, पेटीत ठेव, उशाशी घेऊन झोप! पण त्यांवरचं चित्र जगाला विकायचा हक्क कुठे दिला? तिला सिगार द्यायचा हक्क कुठे दिला? देवळाबाहेर चपला ठेवल्या की टोकन मिळतं ना? ते टोकन तू दुसऱ्याला विकलंस, तर त्याला काय मिळालं? टोकन! फार तर चप्पल! म्हणून ती चप्पल त्याने शिवली असं होतं का?"

छतावरचा दिवा हलत होता. जिलब्यांतला पाक थरथरत होता. जावईबापूला घाम फुटला. "मी विचारलं होतं अण्णांना. दाखवलं होतं. छान म्हणाले ते!"

"जावयाला छानच म्हणणार! तू दगड दाखवला असतास तरी छान म्हणाले असते! लेकीच्या घरी राहतोय ना माणूस!"

तेव्हा अण्णांनी हात वर केला. वर्गात गलका झाला की करत असतील तसा.

"बाई, जाऊ द्या," ते म्हणाले. "मी दिलंय. कागद, चित्र, सगळं दिलंय जावईबापूंना. अधिकाचं वाण आहे. जावयाला दिलेलं परत मागत नाहीत. हिच्या आईला आवडलं नसतं."

झालं. मला वाटलं, आता कोर्टही नाही आणि वकीलही नाही. फिर्यादीच म्हणतोय, माझी तक्रार नाही. परवा हा माणूस विमानात बसणार, आणि त्याची बायको मुकुट घालून, तोंडात सिगार धरून, कुणाला न खोडता येणाऱ्या जागी कायमची उभी राहणार. वैशालीने तोंडाला पदर लावला. जावईबापूचेही डोळे भरले होते, पण सासऱ्यांनी दिलेलं परत तरी कसं करायचं, तोही त्यांचा अपमानच! दोन्हीकडून दार बंद.

बाई आणखी जोरात ओरडल्या. त्याहून जोरात ओरडता येतं हेच मला नवीन होतं.

"अण्णा! तुम्हाला देताच येत नाही!"

"आं?"

"या देशात देता येत नाही! छापायला देता येतं, वापरायला देता येतं! पण हे माझ्या हातून झालं, हे जे आहे ना, ते देता येत नाही! विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही! त्याला इथे उऱ्हेबर म्हणतात, ज्याच्या हातून झालं तो! त्याचं नाव पुसायचं नाही, त्याचं काम विद्रूप करायचं नाही! लेकीला नाही, जावयाला नाही, देवालासुद्धा जिवंतपणी देता येत नाही! तुमच्या पश्चात वैशालीकडे जाईल! तोवर ते तुमच्या अंगाला चिकटलेलं आहे, कातडीसारखं!"

अण्णा बाईंकडे बघत होते. गणिताचं उत्तर फळ्यावर उमटताना बघावं तसे.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी परत मागत नाहीये."

"नाही! गेलंच नव्हतं! गेलं नाही ते परत कसं मागणार?"

मी पुष्कळ विद्वान पाहिलेत. डार्मश्टाटात उपग्रह वळवणारे लोक माझ्याशेजारी कॉफी पितात. पण एका म्हाताऱ्याची रीतही मोडली नाही, जावयाचा मानही गेला नाही, लेकीचं घरही हललं नाही, आणि मेलेल्या बाईला तिचा चेहरा परत मिळाला, असा अचूक धक्का कुठल्या उपग्रहाला दिलेला मी ऐकलेला नाही.

अण्णांनी हात पुसले आणि पहिल्यांदा वळून टीव्हीकडे पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "मग तेवढा गॉगल काढा तिचा. तिला उन्हाचा त्रास कधीच नव्हता."

जावईबापूने लॅपटॉप आणला आणि टीव्हीसमोर जमिनीवरच फतकल मारली. "नोंद खोडता येत नाही," तो बारीक आवाजात म्हणाला.

"नोंद राहू दे! बोट राहू दे! बोट ज्याच्याकडे आहे ते चित्र तुझ्याच सर्व्हरवर आहे ना? तिथे मूळचं ठेव!"

एकेक गॉगल उतरला. मुकुट उतरले, सिगार विझले. ती बेकरीच्या रांगेत पुन्हा आपल्या डोळ्यांनी बघायला लागली. मग निर्मात्याचं नाव आलं. जावईबापूने विचारलं, "अण्णा, पूर्ण नाव लिहू?" अण्णा त्याच्याकडे बघून नुसते हसले. वैशालीने अगदी जवळ जाऊन पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं लिहा. आणि खाली तिचं. इतके दिवस उभी तीच राहिलीय."

"कायद्यात बसत नाही," बाई म्हणाल्या. आवाज परत कुजबुजीवर आला होता. "पण लिही."

एश्बॉर्नमधल्या एका सहकाऱ्याने मागाहून तक्रार केली की गॉगल गेला तर टोकनाची शान गेली. जावईबापूने त्याला चपलांच्या टोकनाची गोष्ट सांगितली. तो बिचारा कधी देवळाबाहेर चपला ठेवायला गेलेला नाही. पण नाटकाला गेल्यावर कोट ठेवून बिल्ला घेतो तसं, म्हटल्यावर "आख झो", म्हणजे "अस्सं होय", म्हणाला आणि तक्रार मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बाकावर, आणि पेन्सिल हातात. निघायच्या आधी त्यांनी चौतिसावं चित्र बाईंना नेऊन दिलं. त्यात बाई होत्या, तोंड वासलेल्या, केस उभे, आणि त्यांच्या आवाजाने इमारतीच्या खिडक्या पाखरांसारख्या उडालेल्या. डाकेल हवेत. खाली कोपऱ्यात पिशवीवाली, मान कलती करून ऐकत असलेली.

"काय दिलंत, अण्णा?" बाईंनी विचारलं.

"कागद," अण्णा म्हणाले.

बाई अशा हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला. ते चित्र त्यांनी न्हाणीघरात लावलं. दिवाणखान्यात का नाही विचारलं तर म्हणाल्या, "चारचौघांना दाखवायचा हक्क मागून घ्यायचा राहिला."

पण बाई का ओरडल्या, यावर आमच्या इमारतीत मतांचे पक्ष पडले. तळमजल्याच्या फ्राऊंच्या मते हवापालट. जावईबापूच्या मते कोर्टात वर्षानुवर्षं गिळलेला राग. वैशाली म्हणायची, बाईंनीही कुणीतरी गमावलंय, सांगत नाहीत. माझी उपपत्ती सगळ्यांत भव्य होती: माणसाच्या आयुष्यात एकदाच असा क्षण येतो की न्याय त्याच्या तोंडून स्वतः बोलतो, आणि न्यायाचा आवाज मोठा असतो. हे मी मित्रमंडळींत इतक्यांदा सांगितलं की हेर्त्सोगेनआउराखला नोकरी लागून मी खोली सोडायला निघाले तेव्हा ते मला पाठ झालं होतं.

शेवटच्या दिवशी बाई माझ्यासाठी चटणीच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. दोन्ही जातींच्या. मी धीर केला.

"बाई, एक विचारू? तुम्हीच म्हणता, ओरडलं की माणूस ऐकत नाही. जन्मभर हळू बोललात. मग त्या दिवशी एवढ्या का ओरडलात?"

बाईंनी बरणीला दोरा बांधला, उरलेलं टोक दाताने तोडलं.

"अण्णांचं कानाचं मशीन चार्जिंगला होतं."